चार रेघांची माशी

"काका, अर्धाच तास! फक्त अर्धा तास द्या!"

भिंगरी दोन्ही हात पसरून शेडचं दार अडवून उभी राहिली. रेशीम खात्याच्या तपासनीस काकांनी घड्याळाकडे बघितलं.

"बाळ, हा साथीचा रोग आहे. पसरला तर आसपासच्या दहा शेड खलास! तीन वाजता सगळ्या अळ्या खड्ड्यात, वर चुना. विषय संपला!"

खड्डा तयारच होता. मावशी त्याच्या काठावर बसली होती. रेशीमअळ्यांच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. ही तिसरीही गेली की शेड कायमची बंद! आणि अळ्या कोष विणायला लागायला उरले होते जेमतेम दोन दिवस!

सुट्टीला आल्यापासून भिंगरी या अळ्यांना तुतीचा पाला भरवत होती. तिच्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट घोळत होती. मेलेल्या प्रत्येक अळीच्या अंगावर एक काळा ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा. धडधाकट अळ्यांवर मात्र एकही नाही! साथीचा रोग असा ठिपके मोजून येतो होय?

"माशी असेल," मुंगी हळूच म्हणाली. मुंगी म्हणजे मावशीची मुलगी. बोलायची कमी, बघायची जास्त. तिने दारामागच्या कळकट तक्त्यावर बोट ठेवलं: 'रेशीमअळीवर अंडी घालणारी माशी. पाठीवर चार काळ्या रेघा.'

"सात पकडल्यात!" माश्या पकडायला पिटाळलेला भिंगरीचा धाकटा भाऊ दहाच मिनिटांत बरणी नाचवत धावत आला. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याला बंद करायचं बटणच नव्हतं. "एक तर थेट माझ्या नाकावर बसली होती, आगाऊ कुठली!"

तिघांनी डोळे बारीक करून पाहिलं. रेघा होत्या! चारच्या चार!

"काका, सापडली! हीच ती माशी! हा रोग नाहीच!"

काकांनी बरणी डोळ्यांपुढे धरली आणि खो खो हसले. "अगं वेडाबाई, घरातल्या माशीच्या पाठीवरही चार रेघा असतात! ही तुमच्या मोरीतली माशी आहे. वीस मिनिटं राहिली, हं."

मागे मावशीने पहिला ट्रे उचललासुद्धा! आपण तिला उगाच आशा लावली. आता काय तोंड दाखवायचं?

"ताई, रडू नकोस ना," रेडिओ म्हणाला आणि स्वतःच नाक ओढायला लागला.

"इकडे या!" मुंगी एवढ्या जोरात ओरडली, की दोघं दचकलेच! मावशीने पाल्याच्या वेळांचा कागद त्या तक्त्यावरच चिकटवला होता. मुंगीने तो टर्रकन ओढला. खाली आणखी दोन ओळी होत्या! 'हिच्या मिशीवरचा केस गुळगुळीत, घरमाशीचा पिसासारखा. पोटावर राठ, काट्यांसारखे केस.'

"बरणी फ्रीजरमध्ये! गारठल्या की हलणार नाहीत. रेडिओ, भिंग आण! पळ!" भिंगरीने फर्मावलं.

पाच मिनिटांनी माश्या पांढऱ्या कागदावर निपचित पडल्या. भिंगरीने भिंग धरलं. मुंगीने कागद घट्ट धरला.

"पहिली... पीस. दुसरी... पीस. तिसरी, चौथी... पीसच."

"पाचवी?" रेडिओने डोळे मिटून घेतले.

"पीस. सहावीलाही."

बाहेर चुन्याचं पोतं फाडल्याचा आवाज आला. सातवी उरली होती. जरा मोठी, राखाडी. मिशीवरचा केस गुळगुळीत, तारेसारखा! आणि पोटावर...

"काटे! काटे आहेत! काकाऽऽ!"

काका वैतागून आले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. भिंग मागेपुढे केलं. मग एक मेलेली अळी उचलून ठिपका पाहिला. ब्लेडने चिरली, तर आत माशीची पांढरीफटक अळी वळवळत होती!

"तीच आहे," ते पुटपुटले. "अंड्यातून निघालेली अळी आत शिरते, तिथेच ठिपका पडतो. पण माशी आली कुठून? जाळ्या तर धड आहेत."

तोवर मुंगी दाराजवळच्या मांडणीखाली सरपटत घुसली होती. तिने एक कापडी पिशवी ओढून काढली. पिशवीत भोकं पडलेले जुने कोष, आणि तिच्याखाली गव्हाच्या दाण्यांसारखी तपकिरी टरफलं. सगळी टोकाशी फुटलेली, रिकामी!

"माश्या इथूनच बाहेर पडल्या! कोणाची पिशवी ही?"

रेडिओने चिठ्ठी मोठ्याने वाचली. "'दुसऱ्या शेडचे नमुने. तपासनीस.' आणि खाली सही... अहो काका, ही तर तुमचीच!"

काकांचे कान लालबुंद झाले. "गेल्या महिन्यात... इथे ठेवली आणि विसरलोच की मी."

मावशी दारात उभी होती. सकाळपासून पहिल्यांदाच ती बोलली. "आणि मी माझ्याच हाताने तक्ता झाकला." तिने तिघांना एकदमच कवेत घेतलं. "पोरांनो, मी हात टेकले होते. तुम्ही नाही टेकलेत!"

काकांनी बाह्या वर केल्या. "ठिपकेवाल्या आणि अंगावर पांढरं अंडं असलेल्या तेवढ्या बाजूला. बाकी सगळ्या जगतील. चला, एकेक तपासायची!"

अळ्यांचा चौथा भाग तरी गेलाच होता. प्रत्येक ठिपक्यासरशी भिंगरीच्या काळजात चर्र व्हायचं. पण धडधाकट अळ्यांचे ट्रे एकेक करत भरायला लागले.

संध्याकाळी काकांनी एक गलेलठ्ठ अळी अलगद तळहातावर घेतली. तिच्या कुशीवर काहीतरी काळसर होतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी त्यांनी हात भिंगरीपुढे धरला.

"तूच सांग बाई. ठिपका की घाण?"

भिंगरीने पाल्याच्या टोकाने हळूच पुसलं. अळी पांढरीशुभ्र!

"बरी आहे, काका. ठेवा ट्रेमध्ये!"