वीस बरोबर

त्या इस्पितळात ऑपरेशन थिएटर एकच होतं, आणि ते कुणाच्या हुकमावर चालतं असं विचारलं असतं तर कुणी डॉक्टरांकडे बोट दाखवलं नसतं. ते चालायचं सिस्टरच्या एका शब्दावर. पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांचे हात थांबायचे, सिस्टर मॉप मोजायची आणि म्हणायची, "बरोबर." मगच सुईत दोरा ओवला जायचा. तिच्या माघारी सगळे तिला मोजणीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

मॉप म्हणजे काही फार मोठी वस्तू नव्हे. वीतभर लांबीरुंदीचं, चार पदरी शिवलेलं मऊ सुती फडकं आणि त्याच्या एका कोपऱ्याला फितीचा फास. पोट उघडलं की रक्त टिपायला ते आत दाबायचं. भिजलं की ते आतड्यांच्या वळणात असं काही मिसळून जातं, की शोधणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत. मोठ्या इस्पितळांत असले मॉप एकदा वापरून फेकून देतात म्हणे. इथे ती चैन नव्हती. इथे ते धुतले जायचे, ड्रममध्ये भरून वाफवले जायचे आणि पुन्हा टेबलावर यायचे. पाचांची एक जुडी, एका ऑपरेशनला अशा चार जुड्या. भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि तिला पाच-पाच खिळ्यांच्या चार रांगा. वापरलेला मॉप साफसफाईच्या मावशी फासाने खिळ्याला अडकवायच्या, शेवटी उरलेले कोरडेही तिथेच टांगायच्या. त्यानंतरही रिकामा खिळा दिसला की त्याचा अर्थ एकच, मॉप अजून आत आहे.

त्या सोमवारी सकाळची तिसरी बाळंतीण टेबलावर होती. बाळ रडलं, वार आली, रक्त थांबलं, सगळं कसं सुरळीत. फळी भरली आणि मावशी हातात एक मॉप घेऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर, हा कुठे लावू?"

सगळे खिळे भरलेले होते. सिस्टरने पुन्हा मोजले. वीस, आणि मावशींच्या हातातला एकविसावा.

"जुडीत कुणीतरी सहा बांधले असतील," ती म्हणाली. जुड्या तिने स्वतः बांधल्या होत्या.

डॉक्टर मॅडम मास्कच्या आडून हसल्या. "जास्तच आहे ना? कमी भरला असता तर मी इथेच रडायला बसले असते. शिवू?"

"शिवा."

गुरुवारी तिने ऑपरेशनच्या आधी जुड्या दोनदा सोडून दोनदा मोजल्या. मावशींना मोजायला लावलं ते वेगळंच. "मोजणीबाईंचा स्वतःवरचा विश्वास उडाला वाटतं," असं भूल देणारे डॉक्टर पुटपुटले, ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तासाभराने मावशी पुन्हा एकविसावा मॉप घेऊन उभ्या राहिल्या, आणि यावेळी त्या हसत नव्हत्या.

सिस्टरने तो हातात घेतला. बाहेर काढलेला मॉप दोन मिनिटांत गार पडतो. फळीवरचे सगळे गार पडले होते. हा गरम होता. आणि याची फीत निळी होती. रक्तात भिजूनही निळी ती निळीच.

दुपारी तिने तो धुतला आणि शिलाईच्या खोलीत नेला. इस्पितळाचे मॉप, चादरी, गाऊन सगळं शिंपीकाका शिवायचे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, मॉप डोळ्यांजवळ नेला.

"टाका माझाच आहे. पण निळ्या फितीचं रीळ संपून अकरा वर्षं झाली की. तेव्हापासून पांढरीच येतेय. हा तुम्ही कुठून उकरून काढलात?"

"सापडला एका ड्रमच्या तळाशी."

"बघा, माझं काम कसं टिकतं ते," काका खुशीत म्हणाले.

सिस्टर तिथून थेट इस्पितळामागच्या कचरा जाळायच्या खड्ड्याकडे गेली. मॉप पेटवला आणि हातात काठी घेऊन, तो जळून राख होईपर्यंत भर उन्हात उभी राहिली. राख काठीने उलथून पाहिली. मग हात धुतले आणि घरी गेली.

शनिवारी निळ्या फितीचा मॉप पुन्हा आला. गरम.

मॅडमच्या कानावर घालणं सोपं होतं. पण त्या विचारणार, अकरा वर्षांपूर्वीचा मॉप आज कसा? आणि या प्रश्नाचं निम्मं उत्तर सिस्टरजवळ होतं. तेवढं निम्मं सांगायचीच तिची छाती नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी फळीवर एकोणीस भरले होते. टेबलावरच्या बाईचं रक्त नुकतं थांबलं होतं आणि दाराबाहेर ट्रॉलीवर दुसरी ओरडत होती; बाळाची नाळ आधी बाहेर आली होती, मिनिटामिनिटाचा प्रश्न होता. तेव्हाचे डॉक्टर खेकसले, "सिस्टर, लवकर!" तिने एकदा खाली पाहिलं, एकदा बादलीत पाहिलं. मग ड्रममधून एक कोरडा मॉप काढला, बादलीतल्या रक्तात बुडवला, मावशींच्या हातात दिला आणि म्हणाली, "बरोबर." विसावा सापडेल, टेबलाखाली असेल, चादरीत गुंडाळला गेला असेल, असं तिने मनाला बजावलं. तो सापडला नाही. बाई सातव्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली आणि परत कधी आली नाही. परत आली नाही म्हणजे बरीच झाली असणार, हे सिस्टरने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की ते तिला जवळजवळ पटलं होतं. त्या बाईचा चेहरा तिला आठवत नव्हता. आठवणार कसा? तिने तो पाहिलाच नव्हता. पेशंटच्या छातीवर लावलेल्या पडद्याच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्यांना पोट तेवढं दिसतं.

बुधवारी सकाळी तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या.

पहिलटकरीण. आईच्याच इस्पितळात नाव घातलं होतं, कारण तिचं म्हणणं, "आई असताना मला कसली भीती?" अकरा वाजेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग बाळाचं डोकं अडकलं ते अडकलंच, आणि बाळाचे ठोके उतरायला लागले. थिएटरची दुसरी सिस्टर एका अत्यवस्थ बाईबरोबर ॲम्ब्युलन्समधून मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर होती. ती परत यायला तीन तास तरी लागणार होते.

"मी उभी राहते," सिस्टर म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आई म्हणून की सिस्टर म्हणून?"

"सिस्टर म्हणून. आई बाहेर बसलीये असं समजा."

लेकीला पाठीत इंजेक्शन दिलं. कमरेखालचं अंग बधिर झालं तरी ती पूर्ण जागी होती. छातीवर हिरवा पडदा लागला. पडद्यापलीकडून ती म्हणाली, "आई, आहेस ना?"

"आहे ग. गप्प पडून राहा."

बाळ चार मिनिटांत बाहेर आलं. मुलगी. जन्मल्याजन्मल्या असा गळा काढला की भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "ही आजीवर गेली." सगळे हसले. सिस्टरलाही हसू आलं, आणि तेवढ्यात तिला दिसलं की गर्भाची पिशवी आवळत नाहीये. ती मऊच होती. रक्त भळाभळा यायला लागलं.

मॅडम बोलायच्या थांबल्या. हात पुढे, मॉप. हात पुढे, मॉप. सिस्टर देत गेली. पिशवी चोळली, औषधं दिली, टाके घातले. मावशी भिजलेले मॉप उचलून फळीवर लावत होत्या. किती गेले, किती आले, ते सिस्टरला एरवी न बघता कळायचं. आज तिच्या कानात नुसतं घोंघावत होतं. पंचवीस मिनिटांनी पिशवी घट्ट झाली आणि रक्त थांबलं.

"मॅडम, आटपा," भूलवाले डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजातली गंमत केव्हाच गेली होती. "रक्तदाब साठवर आलाय. फार वेळ नाही तिच्याकडे."

"सिस्टर, मोजा."

मावशींनी शेवटचा मॉप टांगला. त्यांच्या हातात आज काही उरलं नाही. त्यांचा चेहरा उजळला. "वीस! आज बरोबर आले हो."

सिस्टरने फळीकडे पाहिलं. पहिली रांग पाच. दुसरी पाच. तिसरी पाच. चौथी पाच.

तिसऱ्या रांगेतल्या चौथ्या खिळ्यावरची फीत निळी होती.

आजवर तो मॉप विसांच्या वर यायचा. आज तो विसांत होता. मग पांढरे किती? तिने मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीस.

"सिस्टर. बरोबर?"

हजारो वेळा उच्चारलेला शब्द. तो म्हटला असता तर कुणालाच काही कळलं नसतं.

"नाही," ती म्हणाली.

"वीस आहेत ना फळीवर?"

"वीस आहेत. त्यातला एक आपला नाही."

"म्हणजे काय?" मॅडमच्या हातात सुई तयार होती. "हे बघा, लेक आहे म्हणून तुमचे हातपाय गळालेत. मी समजू शकते. पण मी शिवतेय."

"शिवू नका!"

त्या थिएटरमध्ये सिस्टर कधी ओरडली नव्हती.

"निळ्या फितीचा आहे तो. अकरा वर्षांपूर्वी याच टेबलावर एक मॉप कमी भरला होता. मी कोरडा घेतला, रक्तात बुडवला आणि बरोबर म्हणाले. तो त्या बाईच्या पोटात राहिला. मला तेव्हाच माहीत होतं. आज तो इथे टांगलाय, म्हणजे आपला एक आत आहे. मॅडम, पाया पडते, हात घालून बघा."

पडद्यापलीकडे लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"पंचावन्न," भूलवाले डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी सुई ठेवली. हात आत घातला.

उजवीकडे काही नाही.

खाली काही नाही.

डावीकडे, वर, आतड्यांच्या मागे त्यांचा हात मनगटापर्यंत दिसेनासा झाला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो सावकाश बाहेर काढला. दोन बोटांत एक लालभडक चिंधी होती आणि तिला लोंबणारी पांढरी फीत.

मावशींनी फळीवरचा निळ्या फितीचा मॉप काढून खाली ठेवला आणि त्या खिळ्याला हा लावला.

"बरोबर," सिस्टर म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

दोनपर्यंत लेकीचा दाब शंभरावर आला. शेजारच्या खोलीत खिडकीतून ऊन येत होतं, नात दुपट्यात मुठी आवळून झोपली होती. मॅडम दारात आल्या, नाडी पाहून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या माझ्या खोलीत या. जुने कागद काढावे लागतील. त्या बाईचा शोध घ्यावा लागेल."

"हो," सिस्टर म्हणाली. नोकरी जाईल, नाव जाईल, हे तिला दिसत होतं. तरी अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला. लेक वाचली होती. ती लेकीच्या उशाशी बसली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारायला लागली.

"ऐकलंस ना सगळं?" तिने विचारलं.

"ऐकलं."

"रागावलीस?"

लेकीने नाही म्हणून मान हलवली.

"आई, तिचं कधी शिवणार?"

"कुणाचं?"

"माझ्या शेजारी होती ती. डाव्या हाताला. इतकी जवळ, की तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. सारखी माझ्याकडे बघत होती. तू सांगायला लागलीस तेव्हा कुठे तिने डोळे मिटले." लेकीचा आवाज झोपेने जड झाला होता. "तुम्ही माझं शिवलंत आणि दिवा घालवून सगळे निघून आलात. तिचं पोट तसंच उघडं होतं ग."

थिएटरमध्ये टेबल एकच आहे, हे सिस्टरच्या ओठावर आलं आणि तिथेच राहिलं.

दारात मावशी उभ्या होत्या. हातात बादली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

"सिस्टर, जरा येता का? टेबलाच्या डाव्या बाजूची फरशी तीनदा पुसली. परत ओली होतेय."

सिस्टर उठली. बाहेरच्या नळावर तिने हात कोपरापर्यंत धुतले, तीन वेळा, साबण लावून, ऑपरेशनच्या आधी धुतात तसे. मग ओले हात वर धरून ती थिएटरच्या दारापाशी आली.

"दिवा लावा, मावशी. आणि सुईदोरा काढून ठेवा."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "आता? पेशंट कुठेय?"

"आत आहे," सिस्टर म्हणाली आणि खांद्याने दार ढकललं.