खिशातला हात

क्षिप्रा, सोमवारी तुझं फिजिक्सचं समर प्रोजेक्ट सुरू होतंय, म्हणून सांगतो. नाहीतरी लाइट येईपर्यंत गच्चीवरच बसायचंय. माझ्या भाच्याबरोबर, अभिरामबरोबर घडलेलं आहे.

गेल्या मे महिन्यातला तिसरा शुक्रवार. नावड्याजवळच्या एका कॉलेजात तो प्रोजेक्टला होता. शनिवारी सरांपुढे निकाल मांडायचे आणि एक रीडिंग चुकलेलं. ते नीट आलं तर सर त्याची जर्मनीला शिफारस करणार होते. म्हणून जेवल्यावर तो आणि त्याचा जोडीदार निखिल पुन्हा लॅबमध्ये गेले.

तिथे वीज साठवणारे कॅपॅसिटर, लोखंडी चौकटीत बसवलेले. काम एका हातानं करायचं. दुसरा हात खिशात. दोन्ही हात लागले, तर वीज छातीतून जाते. आदल्या उन्हाळ्यात एक मुलगा तसाच गेला होता, दोन्ही हात भाजून. तेव्हापासून तिथे एकट्यानं थांबायची मनाई.

"मी वडापाव आणतो," निखिल म्हणाला. "टेन्शन नको घेऊ. तो मेलेला मुलगा आला तर त्यालाच रीडिंग घ्यायला लाव."

"चटणी जास्त आण."

उजव्या हातात व्होल्टेज मोजायचा प्रोब. डावा खिशात. अभिरामनं काम सुरू केलं.

"एकट्यानंच, काका?"

हो क्षिप्रा, एकट्यानंच.

काटा हलला... आणि खिशातल्या हातावर कुणीतरी हात ठेवला.

आत. खिशाच्या आत.

गरम हात. आधी हलकेच. मग मनगट आवळलं. ओढलं. खिसा फाटला. हात चौकटीकडे निघाला. उजवी मूठ उघडेना. त्यानं टेबलाला पाय लावले. हाताचं हाड मोडलं... तरी ओढणं थांबेना. त्यानं कपाळ टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. शुद्ध जावी, खाली पडावं म्हणून. डोळ्यांत रक्त. बोटं चौकटीपासून वीतभर...

मग इंचभर...

निखिलनं दारातूनच लाकडी स्टूल फेकून मारलं. अभिराम कोसळला.

"कोण होतं रे?" हॉस्पिटलात मी निखिलला विचारलं.

"कुणी नव्हतं, काका. त्याचा हात आपोआप ताणला होता. आणि पाय... अधांतरी होते."

जर्मनी राहिली. प्लास्टर घालायच्या आधी तो हात मी पाहिला होता. मोडलेला, सुजलेला. भाजल्याची खूण कुठेच नव्हती.

जुलैत प्लास्टर कापलं. डॉक्टर कापता कापता थांबले. मीही वाकून पाहिलं.

मनगटाभोवती भाजलेल्या बोटांचे वळ. एका हाताचे नाही, दोन हातांचे.

फोड अजून ओले होते.