झोपेत ओलांडलेली खाडी

यातला एकही शब्द मी रचलेला नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी गोष्ट म्हणून वाचावी, माझी हरकत नाही. माझ्यासाठी ती गोष्ट नाही. ती आत्ता पलीकडच्या खोलीत लाकडी ठोकळे रचत बसली आहे.

तिचं नाव चंदा. माझी मुलगी. तीन वर्षांची.

अशा हकिकती बहुतेक रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. अमेरिकेतलं टोलेडो हे गाव, ना फार मोठं ना लहान. आम्ही इथे आलो १९६६च्या दिवाळीआधी. आमचे हे काचेच्या कारखान्यात इंजिनिअर. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला आहे. त्या खाली राहतात.

पण सुरुवात इथली नाही. सुरुवात बोनकोड्याच्या धक्क्यावरची आहे.

बोनकोडे हे माझं सासर. ठाण्याच्या खाडीकाठी. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि पलीकडे जायचं तर होडी. त्या गावात एक रीत आहे. निजलेलं मूल होडीत घालायचं नाही. आधी जागं करायचं, मग पाण्यावर न्यायचं.

मी नवी होते तेव्हा मला हसू यायचं. चंदा तीन महिन्यांची असताना तिला घेऊन माहेरी निघाले, तर चांगदेव होडीवाल्याने वल्हं खाली ठेवलं. म्हणाला, आधी पोरीला उठव. ओहोटी लागत होती, होडी चिखलात रुतायची वेळ आली होती, पण हा माणूस हलेना. शेवटी त्यानेच तिच्या तळपायाला बारीक चिमटा काढला. ती रडली. तो खूश झाला आणि होडी निघाली.

सासूबाईंनी नंतर मला कारण सांगितलं होतं. त्या दातांना मिश्री लावत ओटीवर बसल्या होत्या.

"निजल्यावर पोराचा जीव खेलाया जातो. आपुन अंग उचलून पान्यापार नेलं, तर मंग त्याला वाट गवसत नाय."

मग तो जीव कुठे राहतो, असं मी विचारलं.

"जिथं निजला तिथं. कोनाच्यातरी मांडीवर."

सासूबाईंचं नाव शेवंताबाई. यांच्या वडिलांमागे त्यांनी मिठागरात टोपल्या वाहून यांना शिकवलं. अमेरिकेचं ठरलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. एकदाच, मी ट्रंक भरत असताना, जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, पोरीला माझ्यापाशी ठेवून जा. मी यांच्याकडे पाहिलं. हे नाही म्हणाले. सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मला वाटलं, समजल्या.

निघायच्या दिवशी सकाळपासून चंदा त्यांच्याच मांडीवर होती. मी घरभर धावत होते. मधूनमधून त्यांचं गुणगुणणं कानावर येत होतं, आणि पाठीवर थोपटल्याचा आवाज. भरती उतरायला लागली होती. बायका रडत होत्या. सासूबाई गुडघाभर चिखलात उतरल्या आणि लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली चंदा त्यांनी माझ्या ओटीत दिली.

चांगदेवने नेहमीप्रमाणे विचारलं, "पोर जागं हाय ना?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या...

"हाय. उनानं डोले मिटलेन."

शेवंताबाई खोटं बोलणारी बाई नव्हे, हे सगळ्या गावाला ठाऊक. चांगदेवने होडी लोटली.

खाडीच्या मध्यावर माझा हात अवघडला. मूल जागं असलं तर हलकं लागतं, झोपलं की जड होतं. ज्यांनी मूल वागवलं आहे त्यांना हे माहीत आहे. मी घडी बाजूला केली. चंदा गाढ झोपली होती. मला वाटलं, आत्ताच डोळा लागला असेल.

मागे वळून पाहिलं. धक्क्यावरच्या बायका हात हलवत होत्या. सासूबाई हात हलवत नव्हत्या. त्या पाठमोऱ्या घरी चालल्या होत्या. एक हात कमरेशी वाकवलेला... कडेवर मूल असल्यासारखा.

इथे आलो आणि थोड्याच दिवसांत बर्फ पडला. खिडकीतून पाहून चंदा म्हणाली, "मीठ." मी हसले आणि मग बराच वेळ रडले. खरोखर तसंच दिसत होतं. मिठाच्या राशी, आणि माणूस नाही.

चंदाच्या पायांत चांदीचे वाळे आहेत. आजीनेच केलेले. प्रत्येकात दोन घुंगरू. सकाळभर ती घरात धावायची आणि छुमछुम चालायची. मला तेवढीच सोबत.

पण दुपारची भांडी घासून झाली, की काहीतरी व्हायचं.

ती गप्प व्हायची. आजारी नाही, रुसलेली नाही. हाक मारली तर बघायची, पण ते बघणं माझ्यापर्यंत पोचायचं नाही. घास दिला तर गिळायची. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची. आणि अंधार पडायच्या सुमारास एकदम दचकल्यासारखी माझ्याकडे झेपावायची. "आई, भूक."

हे कामावरून यायचे तेव्हा ती हसत-खेळत असायची. मी सांगितलं की हे म्हणायचे, तुला एकटीला करमत नाही म्हणून असं वाटतं. रविवारी दुपारी पाहायचे, तेव्हा म्हणायचे, पोर गुणी आहे, त्रास देत नाही. डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली. सकाळी काय सापडणार? त्यांनी तिला गोळी चोखायला दिली आणि मला झोपेचं औषध.

मग एके दिवशी जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या. मोडक्या इंग्रजीत मी जेवढं समजले ते असं. सकाळी तुमच्या मुलीचे घुंगरू माझ्या डोक्यावर वाजतात, पण दुपारी तुम्ही तिला झोपवता, त्याबद्दल आभारी आहे. दुपारी अगदी चिडीचूप असतं.

मी मान हलवली. वर आले.

चंदा चालत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मी दारात उभी राहून ऐकलं. पाय उचलला जात होता, टेकत होता. वाळे हलताना दिसत होते...

आवाज नव्हता.

मी खाली बसून तिचा पाय हातात घेतला. घुंगरू हलवले. मुके. बोटाने टिचकी मारली. मुके. संध्याकाळी ती माझ्याकडे झेपावली, तेव्हा तेच वाळे खणखणीत वाजले.

यांना सांगितलं. यांनी वाळे वाजवून पाहिले, वाजले. मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

एप्रिलात इथल्या सरोवरातला बर्फ वितळतो आणि मेपर्यंत समुद्रातल्या बोटी थेट या गावापर्यंत येतात. अशाच एका मालवाहू बोटीवर रोहिदास भाऊजी खलाशी आहेत. यांचे चुलतभाऊ. रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले, हातात सुक्या जवळ्याची पुडी. मला माहेरचं माणूस आल्यासारखं झालं.

जवळा तव्यावर टाकला आणि सुक्या मासळीचा वास घरभर सुटला, तसे भाऊजी म्हणाले, आता खालची गोरी बाई तुम्हाला सामानासकट रस्त्यावर काढते बघा. यांना म्हणाले, मुंबईत लोक बर्फ विकत घेतात आणि तू बर्फाच्या कारखान्यात राहायला आलास. हे कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले. चंदा भाऊजींच्या पायांत घोटाळत होती, छुमछुम.

जेवताना यांनी आईची चौकशी केली. भाऊजी मार्चमध्ये गावी होते. सुरुवातीला ते थट्टेनेच सांगत होते. म्हातारीला एकटं वाटत नाही. संध्याकाळी दोन पानं वाढते. गाव निजलं की चंदाशी बोलत बसते, अंगाई म्हणते, पहाटे कोंबडा आरवला की गप्प. लोक म्हणतात वय झालं. मग त्यांनी भात कालवला, पण घास घेतला नाही.

"मी ओटीवर निजलो व्हतो, वयनी. मना बी आयकू आलं."

काय, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात दुपार झाली. चंदा भाऊजींच्या मांडीवरून उतरली आणि खिडकीकडे चालू लागली. भाऊजींचा हात ताटात तसाच राहिला. ते तिच्या पायांकडे बघत होते. नंतर त्यांनी यांच्याकडे पाहिलं.

"दादा, वाले तर हिच्या पायांत हायती. मंग इथं वाजत का नाय?"

त्या दिवशी पहिल्यांदा यांनी ऐकलं. म्हणजे, ऐकू आलं नाही.

इथली दुपार म्हणजे तिकडची रात्र. हे आम्हाला दोघांना एकाच वेळी उमगलं असावं, कारण यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मीही पाहिलं. मला बोनकोड्याचा धक्का आठवत होता. ते थोपटणं. उनानं डोले मिटलेन.

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी एकदाच मागितलं होतं, आणि आम्ही नाही म्हणालो होतो. पण माझी पोर अर्धा दिवस माझी नव्हती. मी तिला जेवू घालत होते, न्हाऊ घालत होते, आणि ती दुसऱ्याच्या मांडीवर होती. कोणत्या डॉक्टरला सांगायचं? विमानाच्या तिकिटाइतके पैसे आमच्याजवळ नव्हते.

भाऊजी निघाले तेव्हा मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, आईंना सांगा. धक्क्यावर जाऊन तिला एक हाक मारा, म्हणावं, जा गो बाय, आयशीकडं जा. मी आयुष्यभर त्यांची पायधूळ घेईन. भाऊजींनी डोळे पुसले आणि गेले. त्यांची बोट पावसाळा संपताना मुंबईला लागणार होती.

ऑक्टोबरात एका दुपारी मी भांडी घासत होते. नळ बंद केला...

छुमछुम.

मी तशीच ओल्या हातांनी धावले. चंदा खोलीभर नाचत होती. "आई, बघ ना, बघ ना." मी तिला उचललं. ती हलकी होती. मी खाली जाऊन घरमालकीणबाईंना मिठी मारली. त्या बिचाऱ्या घाबरल्या.

संध्याकाळी तार आली. आई गेल्या.

मागाहून कळलं ते असं. भाऊजींनी निरोप सांगितल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मग एका संध्याकाळी भरतीच्या वेळी न्हाऊन, नवं लुगडं नेसून, बोचकं घेऊन धक्क्यावर जाऊन बसल्या. चांगदेवने कुठे निघालात म्हणून विचारलं. म्हणाल्या, पोरीला पोचवायला. तो वल्हं आणायला गेला. परत आला तेव्हा त्या खांबाला टेकून बसल्या होत्या, डोळे खाडीकडे. बोलत नव्हत्या.

मी सुतक पाळलं. मनातल्या मनात त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझी पोर मला परत केली, असं मी मानलं. त्यानंतरच्या दुपारी वाळे वाजत राहिले, आणि मी इतकी सुखी कधीच नव्हते.

पोचवायला आलेलं माणूस परतही जातं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

या गावाच्या मधून नदी वाहते. पलीकडच्या बाजारात जायचं तर मोठा पूल ओलांडावा लागतो. रोहिदास भाऊजी येऊन गेल्यापासून आम्ही चंदाला जागं केल्याशिवाय पुलावर गाडी घातली नव्हती. हे थट्टा करायचे नाहीत. उलट पूल दिसला की गाडी हळू करून स्वतःच विचारायचे, अगदी चांगदेवसारखं.

"पोर जागं हाय ना?"

मी "हाय" म्हणायचे. मग आम्ही तिघंही हसायचो. तो आमचा खेळच झाला होता.

डिसेंबरातला शनिवार. लख्ख ऊन पडलं होतं, दोन्ही बाजूंना बर्फ. मी पुढे यांच्याजवळ, चंदा माझ्या मांडीवर, खिडकीच्या काचेवर बोटाने रेघा काढत होती. वाळे वाजत होते. मागची सीट रिकामी.

गाडीत कसलासा वास आला. जळकट, उग्र.

मिश्रीचा.

मी यांच्याकडे पाहिलं. यांचं लक्ष रस्त्यावर. पूल आला. यांनी गाडी हळू केली आणि विचारलं, पोर जागं हाय ना?

मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरून...

"हाय. उनानं डोले मिटलेन."

सासूबाईंचा आवाज. यांनी सवयीने गाडी पुढे घातली. आवाज कोणाचा हे त्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत आम्ही पुलाच्या मध्यावर होतो. मी खाली पाहिलं.

माझा हात अवघडला होता.

तिला हलवलं, हाका मारल्या, तळपायाला चिमटा काढला. पलीकडच्या काठावर तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. ते बघणं माझ्यापर्यंत पोचलं नाही.

तेव्हापासून वाळे वाजत नाहीत. दुपारी नाही, सकाळीही नाही. हे रोज संध्याकाळी लवकर येतात आणि तिच्यासमोर बसून राहतात. पूल आम्ही पुन्हा पुन्हा ओलांडून पाहिला, हाका मारत. गाडीची काच खाली करून, बर्फात.

बोनकोड्याचं आमचं घर आता बंद आहे. दाराला कुलूप आहे. बर्फ फुटेल, मेमध्ये बोटी येतील, रोहिदास भाऊजी येतील. त्यांना गावच्या घराबद्दल मी काही विचारणार नाही. ते आपणहून सांगायला लागले, तर मी तव्यावर जवळा टाकायला उठून जाईन.

चंदाचा ठोकळ्यांचा मनोरा आत्ता पडला. पडल्याचा आवाज आला. ती उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली असावी.

तेवढं मात्र मला इथून कळत नाही. जाऊन बघावं लागतं.