कमानीखालचे चार कोपरे

खालच्या मजल्यावरच्या नेरिओनं पोरांना फक्त पाव आणायला धाडलं होतं. हो, तोच नेरिओ, सकाळी लंगडा कुत्रा फिरवतो तो. जानेवारीची अठरा तारीख, शनिवार, संध्याकाळचे साडेसात. बाहेर आतासारखंच धुकं. खिडकी लावून घे गं, गार वारा येतोय.

पोरं दोन. एक नेरिओच्या बहिणीचा, लिदिआचा, मुलगा सांद्रो, दुसरा त्याचा वर्गमित्र एल्व्हिओ. दोघं ट्रेंटोहून दोन दिवस आपलं बोलोन्या बघायला आले होते. सांद्रोची जीभ म्हणजे कातर. एल्व्हिओ मात्र तोतरा. मंगळवारी त्याची कायद्याची तोंडी परीक्षा होती, तीही तिसऱ्यांदा. उत्तरं सगळी पाठ, पण प्राध्यापकासमोर बसला की शब्द घशात अडकायचे. या खेपेला नापास झालास तर उद्यापासून लाकडाच्या वखारीत ये, असं बापानं बजावलं होतं. दोन दिवस सांद्रो खाणावळीतल्या मुलींसमोर त्याच्या नकला करत होता, आणि एल्व्हिओ बिचारा सगळ्यांबरोबर हसत होता.

पाव घेऊन दोघं मोठ्या चौकातल्या पोदेस्ताच्या महालाखालच्या कमानीत आले. तिथले कोपरे तुम्हाला ठाऊकच आहेत. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्याला कानात सांगितल्यासारखं ऐकू जातं. पूर्वी महारोगी तिथून पापं कबूल करायचे म्हणतात, आणि पाद्री लांबच्या कोपऱ्यात उभा राहायचा. माझी आजी म्हणायची, दिवसा तिथं खुशाल खेळा, पण दिवे लागल्यावर काही मागू नका. पलीकडच्या कोपऱ्यात कोण उभं आहे ते भिंतीकडे तोंड असताना दिसत नाही. परगावच्या पोरांना हे कोण सांगणार?

"मी तिकडे पाद्री बनतो," सांद्रो म्हणाला. "तू भिंतीला नाक लाव आणि काय हवं ते माग. जरा लवकर आटप हं, नाहीतर तुझं 'आमेन' होईपर्यंत पहाट व्हायची!"

एल्व्हिओनं भिंतीला तोंड लावलं. "म-मला ब-बोलता यावं. म-मंगळवारी."

मग दगडातून आवाज आला, अगदी हळू.

"कुणाचं?"

"क-काय कुणाचं?"

"बोलणं. कुणाचं हवं?"

हीही चेष्टाच, असं त्याला वाटलं. दोन दिवसांचा संताप एकदम वर आला.

"सांद्रोचं! त्याचंच दे."

"...दिलं."

कानाला ओला श्वास लागला. तो गर्रकन वळला. समोरचा कोपरा रिकामा. तिथं कुणीही नव्हतं.

सांद्रो चौकाच्या बाजूनं येत होता. हातात गरम चॉकलेटचे दोन पेले. एल्व्हिओनं भिंतीकडे तोंड केल्याबरोबर तो कॉफीच्या दुकानाकडे सटकला होता. याला एकट्यालाच भिंतीशी बोलत ठेवायचं, एवढीच त्याची गंमत. हसत हसत त्यानं तोंड उघडलं...

काहीच नाही.

पुन्हा उघडलं. पेले खाली पडले.

एल्व्हिओ काय झालं ते समजला. सांद्रोही समजला; काय हवं ते माग, असं तोच तर म्हणाला होता. त्यानं एल्व्हिओची बाही धरून त्याला कोपऱ्याकडे ओढलं. हात जोडले. भिंत दाखवली. गुडघ्यांवर बसला.

एल्व्हिओ भिंतीकडे वळला. दोनच शब्द. परत घे. ओठ दगडाला लागले. पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं... श्वास ऐकू येत होता.

मंगळवार. वखार. बाप.

तो गप्प राहिला. एक प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ.

मग वळून म्हणाला, "मागितलं रे मी. पण कुणी उत्तरच देत नाही."

कुठे अडकला नाही. सांद्रोनं ते ऐकलं आणि स्वतःचा गळा धरून मागे सरकत गेला.

त्या रात्री सांद्रो एकटाच घरी आला, पावाशिवाय. एल्व्हिओनं नऊ चाळीसची गाडी पकडली होती. मंगळवारी त्याला तीसपैकी तीस मिळाले. सांद्रोच्या घशात डॉक्टरांना काही सापडलं नाही. हे सगळं पुढे, ईस्टर उलटल्यावर, एल्व्हिओनंच नेरिओला पत्रातून कळवलं. पुन्हा फोन करायची हिंमत त्याला झाली नाही. फोन त्यानं एकदाच केला होता, परीक्षेनंतर, लिदिआकडे. घरात कुणी नव्हतं, म्हणून फोनच्या यंत्रात आवाज भरून निरोप ठेवला.

ईस्टरला नेरिओ बहिणीकडे गेला. तिनं त्याला तो निरोप ऐकवला. नेरिओला रडूच कोसळलं. "अगं, सांद्रो बोलायला लागला आणि मला कळवलं नाहीस?"

"नीट ऐक," लिदिआ म्हणाली आणि पुन्हा लावला.

आवाज सांद्रोचाच. तेच हसू, तोच खट्याळपणा.

"काकू, मी एल्व्हिओ बोलतोय. सांद्रो कसा आहे?"

लिदिआ तो निरोप रोज रात्री झोपण्याआधी लावते. सांद्रो तेवढ्यापुरता उठून आतल्या खोलीत जातो.