हिरवळीभोवतीचा वळसा

"दोरा पुरायचा नाही," मार्कीस म्हणाला. "आपल्या आत्याआजीच एवढा मोठा वळसा घालतात, की गावातली सगळी लोकर उसवून आणावी लागेल."

"हळू बोल. आल्या त्या," केटुरा कुजबुजली.

पीकनच्या झाडाखालच्या बाकामागे तिघंही पालथी पडली होती. केटुरा, तिचा चुलतभाऊ मार्कीस आणि त्यांच्या वर्गातला गोरा कोल्बी. त्याच्या खिशातल्या उकडलेल्या शेंगांनी शर्ट ओला झाला होता, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. जॉर्जियातल्या त्या लहानशा गावात जुलैचं ऊन सकाळी साडेदहालाच डोक्यावर चढलं होतं. चर्चला निघालेली म्हातारी माणसं एकेक करून बागेत शिरत होती.

लुव्हीनिया आत्याआजी हिरवळीपाशी आल्या. डोक्यावर रविवारची जांभळी टोपी, हातांत पांढरे हातमोजे. समोर हिरवळ ओलांडली की चर्चच. पण त्या काठावर थबकल्या आणि उजवीकडे वळल्या. चाळीस पावलं सरळ. मग भिंतीचा कोपरा आल्यासारख्या काटकोनात डावीकडे. तिथे भिंत नव्हती, झुडूपही नव्हतं. त्यांच्यामागून काठी टेकत मिस्टर टॉलिव्हर आले आणि अगदी त्याच जागी वळले.

"आता माझी आजी बघ," कोल्बी म्हणाला.

कोल्बीची आजी आपल्या छोट्या कुत्र्याला घेऊन हिरवळीच्या मधोमध सरळ चालत गेली.

हे केटुराच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते बुधवारी. प्रार्थनेहून परतताना आत्याआजींची पिशवी घेऊन ती हिरवळीवरून निघाली, तर त्यांनी तिचं मनगट धरलं. एवढ्या उकाड्यात त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"तिथून नाही."

"का हो आत्याआजी?"

"नाही म्हटलं ना, बाळा."

त्या ओरडल्या नव्हत्या. म्हणूनच केटुराला भीती वाटली. त्या रात्री तिला झोप आली नाही. आणि झोप न येण्याचं दुसरंही कारण होतं. जूनमध्ये तिचा धाकटा भाऊ एमॉस नदीत बुडता बुडता वाचला होता. गावात पोहायला शिकायचं तर नदीशिवाय जागाच नव्हती. सगळ्यांनी मिळून नगरपरिषदेकडे तलाव मागितला, तर बागखात्याच्या मिस्टर प्रुइट यांनी लिहून दिलं, की बागेत दोन फुटांवर अखंड खडक आहे, तलाव होणे नाही. मंगळवारी त्यावर मतं पडणार होती. एमॉस अजूनही आंघोळीच्या टबात पाय घालायला रडायचा.

"माझं ऐका, खाली थडगी आहेत," आता बाकामागे मार्कीस म्हणाला. "आपल्या काळ्या लोकांची. म्हणून आपलेच म्हातारे पाय ठेवत नाहीत."

"मग मी इतकी वर्षं कुणाच्या तरी डोक्यावर फुटबॉल खेळलो की काय?" कोल्बीचा चेहरा उतरला.

चर्चची घंटा झाली, बाग रिकामी झाली. जिथे जिथे म्हातारी माणसं वळली होती, तिथे तिघांनी तंबूच्या खुंट्या ठोकल्या आणि दोरा ताणला. दोरा पुरला. चारही कोपरे काटकोनात आले. गवतावर एक लांबलचक चौकट उभी राहिली. इतकी वर्षं ती तिथेच होती, फक्त कुणाला दिसत नव्हती.

केटुरा दोऱ्याच्या आत उभी राहिली. तिला वाटलं, आवाज कमी झालेत. चर्चमधलं गाणं लांब गेलं. कुणीतरी बाहेरून बघत असावं, पुष्कळ जण, गप्प उभे राहून, असं वाटून तिनं मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"मी खुंटी खुपसतो. तुम्ही देवाचं नाव घ्या," मार्कीस म्हणाला.

तो चौकटीच्या आत दहा-बारा ठिकाणी खुंटी खुपसत गेला. माती, माती, माती. मग वीतभर खाली टक् असा आवाज झाला. कोल्बीनं हातानं माती उकरली. हाड नव्हतं. निळी फरशी होती, अजून चकचकीत, आणि तिच्यावर काळ्या रंगात लिहिलं होतं : ३ फूट.

"थडग्यावर खोली लिहितात का रे?" कोल्बीनं विचारलं.



दुपारी केटुरानं त्या फरशीचा एक सुटा तुकडा आत्याआजींच्या मांडीवर ठेवला. त्या पीच सोलत होत्या. सुरी थांबली.

"कुठं मिळाला?" विचारून त्यांनी स्वतःच मान हलवली. "ठाऊक आहे कुठं ते."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग हळूहळू बोलू लागल्या. "तलाव होता तिथे. भोवती तारेचं कुंपण. मी दहा वर्षांची, माझा भाऊ एझ्रा तेरा. आम्ही तारेत बोटं अडकवून बघत बसायचो. आत गोरी मुलं. पाण्याच्या वासानंसुद्धा अंगावर काटा यायचा. मग न्यायालयानं सांगितलं, सगळ्या मुलांना आत घ्या. मी पोहण्याचे कपडे शिवून घेतले, पिवळे. आम्ही गेलो तर मातीचे ट्रक उभे. आम्हाला आत घेण्यापेक्षा त्यांनी तलावच बुजवला. स्वतःच्या मुलांचंही पाणी तोडलं."

"आणि एझ्रा आजोबा?" केटुरानं विचारलं. भिंतीवर त्यांचा एकच फोटो होता, तोही तेराव्या वर्षाचा.

"त्याला पोहायला शिकायचंच होतं. तो नदीवर गेला."

माजघरातला पंखा फिरत राहिला. आत्याआजींनी तुकडा एप्रनच्या टोकात गुंडाळला. "कुंपण नंतर काढलं त्यांनी. माझ्यातून नाही निघालं."

मंगळवारी सभागृह भरलं होतं. मिस्टर प्रुइट यांनी घाम पुसत कागद वाचला. "आठ ठिकाणी भोकं पाडून पाहिलं. दोन फुटांवर खडक."

केटुरा उठली. "सर, भोकं कुठे पाडली, ते नकाशावर दाखवाल का?"

"हिरवळीवर, आणखी कुठे?"

"खुणा करून दाखवाल, प्लीज, सर?" कोल्बीनं अदबीनं पेन पुढे केला.

मिस्टर प्रुइट यांनी कंटाळून हिरवळीच्या मधोमध आठ फुल्या मारल्या. मार्कीसनं त्याच नकाशावर दोऱ्याची चौकट आखली. आठही फुल्या चौकटीच्या आत पडल्या.

"मग तुमच्या यंत्राला ही लागली नाही का, सर?" केटुरानं निळा तुकडा टेबलावर ठेवला. "तिथे खडक नाही. तलाव आहे. खोदून, बांधून तयार."

मिस्टर प्रुइट नकाशाकडे बघत राहिले. "यंत्र... म्हणजे, मी जुनाच अहवाल उतरवला," ते शेवटी पुटपुटले. "त्यात तसंच लिहिलेलं होतं."

"किती जुना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तलाव बुजवला, त्याच वर्षाचा," मागून आवाज आला. लुव्हीनिया आत्याआजी उभ्या होत्या. त्यांच्यामागे मिस्टर टॉलिव्हर उठले. मग आणखी एक, मग आणखी एक. प्रत्येकानं आपण कुंपणाला कुठे उभे राहायचो, ते सांगितलं. कोल्बीची आजी रडत होती. "मी आत होते," ती म्हणाली. "मी बघत होते तुम्हाला."

तलाव उकरून सगळ्या मुलांसाठी खुला करायचा, यावर मतं पडली. विरोधात एकच हात वर झाला आणि तोही लगेच खाली आला.

बाहेर मिस्टर टॉलिव्हर यांनी तिघांच्या डोक्यावर एकेक टपली मारली. "साठ वर्षं आम्ही चालून चालून नकाशा काढत होतो. वाचायला तुम्ही आलात. शाबास, पोरांनो."

सगळे हिरवळीपाशी आले. एमॉस आधीच दोऱ्याच्या आत पळत होता. "आत्याआजी, या ना, इथून या," मार्कीसनं दोरा खाली दाबून धरला.

"तिथून नाही," त्या म्हणाल्या.

केटुरा थबकली. पण आत्याआजी हिरवळीच्या काठाकाठानं पुढे गेल्या, रस्त्याच्या बाजूला, जिथे कुणीच कधी वळत नव्हतं. तिथे थांबून त्यांनी टोपी सारखी केली.

"फाटक इथे होतं," त्या म्हणाल्या. "मी फाटकातून जाईन."

आणि त्या आत गेल्या.