सलिलचं कोरं बोट

मी त्याचा चेहरा नंतर पाहिला, आधी त्याचं बोट पाहिलं.

कोलशेतच्या शाळेत महापालिकेच्या निवडणुकीचं मतदान चालू होतं आणि बोटांना शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. एरवी मी ठाण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते, नावही कादंबरीच, पण निवडणूक आली की शिक्षक सरकारचे. सकाळपासून कितीतरी बोटं धरून झाली होती. हे मात्र मी मागायच्या आधीच पुढे आलं होतं.

"पहिल्यांदाच मतदान?" मी विचारलं.

"हो. त्यासाठीच आलोय... टोरांटोहून."

मग मी वर पाहिलं. निळा कुर्ता, गालावर खळी, झोप न झालेले तरी चमकणारे डोळे. दुसरी कोणी असती तर खळीपाशीच थांबली असती. मी थांबले ती त्याच्या हातातल्या पुस्तिकेपाशी. तशीच एक माझ्या भावाकडे आहे. मयूर ऑस्ट्रेलियाचा नागरिक झाला, तेव्हा त्यालाही असंच ओसीआय कार्ड मिळालं होतं. आमच्या पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी त्यावरचं 'ओव्हरसीज' सोडून 'सिटिझन ऑफ इंडिया' तेवढं वाचलं, यादीत नाव सापडलं, आणि सोडलं की त्याला पुढे.

"पासपोर्ट कुठला आहे तुमचा?"

"कॅनडाचा. पण हे आहे ना... यात सिटिझन लिहिलंय."

मी शाईची काडी खाली ठेवली आणि त्याला हळू आवाजात समजावलं. नावात काहीही असो, हे नागरिकत्व नव्हे. या कार्डावर आयुष्यभर येता येतं, राहता येतं, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मत देता येत नाही. परदेशात राहूनही आपलाच पासपोर्ट ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. यादीत त्याचं नाव होतं, कारण घरातला मुलगा म्हणून घरच्यांनी ते हौसेने घालून ठेवलं होतं. पण आता मत दिलं असतं तर तो गुन्हा ठरला असता.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी इथला नाही?"

"इथलेच आहात. फक्त मत नाही."

"हे माझा हात सोडून सांगितलं असतंत, तर जास्त पटलं असतं."

मी अजून त्याचं बोट धरूनच बसले होते... रांगेतल्या बायका खुदुखुदु हसल्या आणि माझे कान तापले.

त्याची सगुणाआत्या त्याच वॉर्डातून उभी होती. ती अगदी थोडक्यात पडली आणि सगळ्या भावकीने खापर फोडलं ते शाईवाल्या बाईंवर. सलिल मात्र दोन दिवसांनी माझ्या शाळेच्या फाटकाशी हजर. बाईंनी मला पोलीस केसमधून वाचवलं असं घरी सांगितलंय, म्हणाला. आत्याला पटलं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "नाही. पण मला पटलंय. चहा घ्याल?"

एका चहाने काय होतं, असं मला वाटलं होतं. पुष्कळ होतं. टोरांटोचं काम तो कोलशेतहून रात्री करायचा आणि संध्याकाळी मला गाठायचा. आजोबांची मिठागरं होती तिथे आता टॉवर आहेत, ते खाडीकाठी उभं राहून दाखवायचा. आठ वर्षांचा असताना गेलेला, पण बोलता बोलता मध्येच आत्याची आगरी बोली यायची, 'आवडली'चं 'आवरली' व्हायचं, आणि मला हसू आवरायचं नाही. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कळलंच नाही. मी प्रेमात पडले होते, सरळ सांगते, आकंठ.

आणि त्याचं परतीचं तिकीट गुढीपाडव्यानंतरचं होतं.

शेवटी सगुणाआत्यानेच विषय काढला, माझ्यासमोर. "आवरलीय ना पोरगी? मंग घेऊन जा तिकडं. हितं काय हाय?" रुसवा संपला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर विमानतळ आला. मयूर निघतो तेव्हा काचेपलीकडून हात हलवणारी, घरी आल्यावर दोन दिवस न जेवणारी माझी आई.

"मी नाही येणार, सलिल," त्या संध्याकाळी मी म्हटलं. "आईला पुन्हा तिथे उभं करणं मला जमणार नाही. आणि माझ्यासाठी तू थांबू नकोस. एक दिवस त्याचा हिशेब माझ्याकडे मागशील."

त्याने मला रिक्षात बसवलं आणि तो परत फिरला. नंतर फोनही नाही. मी शाळेत मुलांच्या वह्या तपासायचे आणि एकच ओळ तीनतीनदा वाचायचे.

पाडव्याला आमच्या डोंबिवलीत स्वागतयात्रा निघाली. फडके रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी नऊवारी नेसून लेझीम पथकात, ढोल छातीत घुमत होते, आणि गर्दीतून वाट काढत, घामाघूम, सलिल...

"तिकीट रद्द केलं," तो ओरडला. ढोलांमुळे ओरडावंच लागत होतं. "वकिलांना भेटलो. कार्ड मिळून पाच वर्षं कधीच झालीत. आता वर्षभर सलग इथे राहायचं, मग नागरिकत्वाचा अर्ज. तो मंजूर झाला की कॅनडाचा पासपोर्ट सोडायचा."

"मी तुला सांगितलं होतं, माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाहीच आहे ते. त्या दिवशी मतदान न करता शाळेतून परत फिरलो, तेव्हापासूनच मनात होतं. तू नाही म्हणालीस तरी मी कोलशेतलाच असणार आहे, कादंबरी. म्हणून इतके दिवस फोन केला नाही, आधी ते पक्कं करायचं होतं." त्याने श्वास घेतला. "आता तुझ्यासाठीचं. लग्न करशील माझ्याशी?"

माझी लेझीम चुकली. मागची मुलगी माझ्यावर आदळली. मी त्या गोंधळातच 'हो' म्हटलं आणि त्याला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं, जरा जास्तच मोठ्याने. आसपासच्या अनोळखी लोकांनीच टाळ्या वाजवल्या.

आई पुढच्या कोपऱ्यावर रांगोळीपाशी उभी होती. मी सलिलला हाताला धरून तिच्यासमोर नेलं. तिने आमच्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "मला कळलंय गं, तुमचं फोनवरचं बोलणं ऐकू येतं मला. स्वेटर विणायला घेतलाय तुझ्यासाठी. बाह्याच राहिल्यात. तिकडे थंडी फार असते म्हणतात."

"आई," मी म्हटलं, "मी कोलशेतला जातेय."

 तिने पदराने डोळे पुसले आणि सलिलला म्हणाली, "मग बाह्या नकोतच."