शुक्राचा टहाळा

रुद्र, उद्याच्या कर्जतच्या ट्रेकचा रस्ता डाउनलोड केलास ना? कर बाबा, माझी ना नाही. नेट नसलं तरी नकाशा चालतो, पाणी कुठं आहे ते सांगतो, आपण कुठं पोचलो ते घरच्यांना दाखवतो. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी. असलं काही तेव्हा असतं तर निम्म्या शिव्या वाचल्या असत्या. फक्त त्या रस्त्यानं आधी कोण चाललं होतं, तेवढं माणसानं विचारावं. सुप्रिया, गच्चीतला तो दिवा बंद कर गं, डोळ्यांवर येतो. देवेशचं सांगतो.

देवेश म्हणजे माझ्या मेहुण्याचा मुलगा. कर्जतच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं घर. मुंबईचे पाहुणे येतात, त्याचे तंबू घेऊन माथ्यावर मुक्काम करतात. सुरुवातीला ती वाट देवेशला ठाऊक नव्हती. ठाकरवाडीतल्या शुक्रानं दाखवली, एकाच बोलीवर. "वाट तुला दावतो. पन येनारा मानूस माझ्या मागून चालंल." देवेशनं त्याच्या हातावर हात ठेवला.

शुक्रा कायम पुढं. फाटा आला की जी वाट चुकीची, तिच्यावर हिरवा टहाळा मोडून आडवा टाकायचा, मागून येणाऱ्यांसाठी. अकरा वर्षं. एकदाही चुकला नाही.

मग एक दिवस देवेशनं खिशात मोबाईल चालू ठेवला आणि शुक्रामागून चालत सगळी वाट ॲपमध्ये उतरवून घेतली. नाव दिलं, सगळ्यांना खुली केली. पाच तारे मिळाले. पाहुणे आपापले चढायला लागले, शुक्राच्या दारावरूनच, पण मान खाली, डोळे मोबाईलमध्ये. महिन्याभरानं शुक्रा आला.

"देवेशा, वाट तू दिलीस?"

"मी नाय दिली, शुक्रादादा. मोबाईल आपोआप शिकतो."

शुक्रानं ऐकून घेतलं. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याच भादव्यात तो तापानं गेला. देवेश मातीला गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

यंदाची पौष अमावास्या, रविवार. संध्याकाळी सात वाजता वरच्या पाहुण्यांचा फोन आला, पॉवर बँक ओसरीवरच राहिली म्हणून. देवेश ती घेऊन निघाला. त्याची बायको हर्षला म्हणाली, "लोकेशन चालू ठेवा हां." त्यानं ठेवलं. तिच्या मोबाईलवर निळा ठिपका डोंगर चढायला लागला.

पावणेआठला तो फाट्यावर आला. आता गंमत बघा. देवेश आयुष्यभर कुणाच्या तरी मागूनच चालला होता, आधी शुक्राच्या, मग मोबाईलच्या. वाट त्याच्या पायात कधी उतरलीच नव्हती. नकाशा म्हणाला, डावीकडे.

डाव्या वाटेवर टहाळा आडवा पडला होता.

हिरवागार. मोडला होता तिथून चीक अजून ओघळत होता...

त्याला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. शुक्रा अजून आपली काळजी करतो, असं वाटलं. डोळे भरून आले त्याचे. नकाशा चुकेल, पण शुक्राचा टहाळा चुकायचा नाही. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि उजवीकडे वळला.

पुढं आवाज आला. दगडावर कोयत्याचा. टक.

शुक्रा वळणावर तसाच कोयता वाजवायचा.

"शुक्रादादा?"

...

टक.

तो आवाजामागं चालत गेला. वीस पावलं. तीस.

टक...

मग काहीच नाही. पुढचा पाय टाकला. खाली जमीन नव्हती.

करवंदीच्या जाळीत अडकला म्हणून वाचला. मोबाईल दरीत गेला. देवेश लोंबकळतोय, आणि डोक्यावर, अगदी जवळ, शांत आवाज.

"मी नाय टाकला, देवेशा. टहाळा आपोआप पडतो."

सकाळी ठाकरवाडीच्याच पोरांनी दोर टाकून त्याला वर काढलं. पाहुणे डाव्या वाटेनं चढले होते, डाव्याच वाटेनं उतरले. टहाळा कुणी पाहिला नाही. मी खोपोलीला दवाखान्यात भेटायला गेलो, तर पाय प्लास्टरमध्ये आणि हा लहान पोरासारखा रडतोय.

"तात्या, अकरा वर्सं त्यानं कुनाला फसवलं नाय. मलाच फसवलं."

"आणि तू त्याला?" मी विचारलं.

त्याचा मोबाईल काही सापडला नाही. दीडशे फुटांवरून पडलेला, फुटलाच असणार. पण हर्षलाच्या मोबाईलवर तो निळा ठिपका अजून आहे. तिनं मला दाखवला. आठवडाभर शुक्राच्या झोपडीत असतो. मी स्वतः आत जाऊन पाहिलं, थंड चूल आणि केर, दुसरं काही नाही. रविवारी पहाटे ठिपका निघतो. माणसाच्या चालीनं चढतो. फाट्यावर थोडा थांबतो... आणि परत येतो.

उद्या रविवारच ना रे, रुद्र?